इतवारीत घडलेला वजनगटाचा पट्टा: पितळ चोख, मजकूर मात्र तपासून घ्या

विदर्भातल्या आमदंगलीत इनाम म्हणजे फेटा, रोख रक्कम आणि शेवटच्या जोडीला गदा. गदा खुल्या गटाची. महाराष्ट्र केसरीची गदाही ८६ ते १२५ किलोच्या गटातल्या पैलवानालाच मिळते. ५७, ६१, ६५ किलोच्या पोरांनी कितीही देखणी कुस्ती केली तरी त्यांच्या हाती पेला किंवा पाकीट पडते. त्यामुळे काही आखाडे आता वजनगटाला पट्टा देऊ लागले आहेत. नागपूरच्या इतवारीतल्या एका कारखान्यात असा पट्टा ऑर्डरप्रमाणे घडवून मिळतो. पाच पितळी पाट्या, चामड्याची वादी, मागे टिचबटणे, असा ‘ज्युनिअर हेवीवेट’ (व्यावसायिक कुस्तीतला हेवीवेटच्या खालचा वजनगट) घाटाचा हा पट्टा आहे. किंमत १३,५०० रुपये, अर्धी रक्कम आगाऊ, मुदत २१ दिवस. सोबत ज्युनिअर हेवीवेट अजिंक्यपदाचा इतिहास सांगणारे दोन पानी पत्रक मिळते. इथे परीक्षण त्या दोन्हींचे आहे. धातूकाम उत्तम, चामडे मध्यम, आणि लिहिलेल्या मजकुरात अशा चुका की त्या दुरुस्त केल्याशिवाय पट्टा कुणाच्या कमरेला बांधू नये.

आधी धातू. मधली पाटी लंबगोल आहे, २८ सेंटीमीटर रुंद, २२ सेंटीमीटर उंच, ३ मिलिमीटर जाड. एवढे पितळ सव्वा किलोच्या घरात जाते. बाजूच्या चार पाट्या २ मिलिमीटरच्या. चामड्यासकट पूर्ण पट्टा सुमारे २ किलो ४०० ग्रॅम भरतो. खांद्यावर टाकला तर घसरत नाही आणि कमरेला बांधून मैदानाला फेरी मारताना ओढही बसत नाही. पाटी आधी वाकवून मग तिच्यावर मुलामा चढवला आहे, हे या कारागिराचे सगळ्यात चांगले काम. सपाट पाटीवर मुलामा चढवून ती नंतर वाकवली तर बाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून घाम आत शिरतो आणि वर्षभरात सोनेरी रंगाला काळसर डाग येतात. इथे भिंगातून पाहिले तरी एकही भेग दिसत नाही. पितळावर निकेल, निकेलवर सोन्याचा पातळ थर आणि वर पारदर्शक लॅकर, असा क्रम आहे.

हा थर पातळच असतो, हे ध्यानात ठेवा. घरची तांब्या-पितळेची भांडी चिंच, लिंबू किंवा पावडर लावून उजळायची सवय आपल्या हाताला आहे. या पट्ट्याला ती लागली की दोन-चार घासण्यांत लॅकर जाते आणि मग सोनेही. कोरडे सुती फडके पुरे. हौदावर पट्टा दिला असेल तर त्याच संध्याकाळी पुसायचा, कारण हौदातल्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल कालवलेले असते. ती आंबट माती पाटीच्या कडेला रात्रभर राहिली की सकाळी तिथे डाग असतो.

अक्षरे फेरिक क्लोराइडने कोरलेली आहेत. ज्या भागावर रंगाचे आवरण आहे तो वाचतो, उघडे पितळ विरघळते आणि अक्षर उठून दिसते. ही रीत रोमन अक्षरांना सोयीची आहे. देवनागरीत तिची अडचण होते, कारण द्रावण खाली खाते तसे बाजूनेही खाते. ०.४ मिलिमीटर खोल कोरायचे तर उठावाच्या रेषेच्या दोन्ही कडा थोड्या थोड्या झिजणारच. शिरोरेषा जाड असते, ती टिकते. मात्रा, रफार, अनुस्वार जातात. नमुन्याच्या पाटीवर ‘अजिंक्यवीर’ लिहिले आहे. त्यातल्या जि वरचा अनुस्वार टाचणीच्या टोकाएवढा उरला आहे. दोन हातांवरून वाचा, ‘अजिक्यवीर’ दिसते.

याला उपाय दोन. एक, अक्षराची उंची किमान ८ मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक रेघ १ मिलिमीटर ठेवायला सांगायचे. दुसरा अधिक चांगला: उठावाऐवजी खोलगट अक्षरे घ्यायची आणि त्यांत काळा मिनाकारीचा रंग भरायचा. खोलगट कोरताना बाजूने खाल्ले गेले तरी रेघ जाड होते, बारीक होत नाही, म्हणून अनुस्वार वाचतो. कारखाना दोन्ही प्रकार करून देतो, पण न सांगितल्यास उठावच करतो.

आता चामडे. वादी वनस्पतिजन्य कमावणीच्या चामड्याची आहे, जाडी ४ मिलिमीटर, लांबी १३२ सेंटीमीटर. चामड्याची जात बरोबर निवडली आहे. क्रोमने कमावलेले मऊ चामडे सव्वा किलोच्या पाटीखाली हळूहळू ताणले जाते आणि पट्टा मधोमध झोळीसारखा लोंबतो. तसे इथे होणार नाही. शिलाई मेण लावलेल्या दोऱ्याची, हाताची, टाके एकसारखे. गडबड टिचबटणांपाशी आहे. चामडे ४ मिलिमीटर, त्यावर अस्तर, आणि बटण मात्र आखूड दांड्याचे. दांडा पुरेसा वर येत नाही, ठोकताना पूर्ण फुलत नाही, आणि आठ-दहा वेळा लावून काढले की बटण हातात येते. तपासलेल्या पट्ट्यात सहापैकी दोन बटणे अशी सैल होती. बटणे बसतात तेवढ्या पट्टीत चामडे खालून सोलून अडीच मिलिमीटरवर आणले, किंवा लांब दांड्याची बटणे घेतली, तर हा दोष राहत नाही. ऑर्डर देताना दोनपैकी एक लिहून घ्या. बटणाच्या खाचेत माती बसली तर जुन्या टूथब्रशने कोरडीच झाडायची. पाणी लावले की आतली स्प्रिंग गंजते.

पाट्या चामड्याला पितळी रिव्हेटांनी बसवल्या आहेत, आणि रिव्हेटांची मागची बाजू मुलाम्याशिवाय तशीच ठेवली आहे. पितळातले तांबे आणि चामड्यातले तेल एकत्र आले की हिरवा, मेणासारखा थर धरतो. नागपुरात हा थर पावसाळ्याची वाट पाहत नाही. उन्हाळ्यात व्यायामशाळेच्या कार्यालयात कूलर चालतो, बाहेर तपन आणि आत दमट हवा. पट्टा त्याच भिंतीवर काचेच्या पेटीत टांगलेला असतो. जूनपर्यंत रिव्हेटांच्या मागे हिरवे ठिपके दिसू लागतात आणि अस्तराला डाग पडतो. रिव्हेटांऐवजी स्टेनलेस स्टीलचे दोन भागी पेच मागा. ते उघडतात, त्यामुळे पुढे पाटी बदलताही येते. याचे महत्त्व पुढे येईलच. पेटी बंद काचेची नको, मागून हवा खेळती हवी, आणि कूलरचा झोत तिच्यावर नको.

एक गोष्ट कारखान्याला सुचलेलीच नाही. पट्टा एकाच मापाचा आहे. ९२ किलोच्या पैलवानाच्या कमरेवर २८ सेंटीमीटरची पाटी शोभून दिसते. ५७ किलोच्या पोराची कंबर ७२-७३ सेंटीमीटर, म्हणजे पाटी कमरेचा एक तृतीयांशाहून जास्त घेर व्यापते, तिच्या कडा बरगडीखाली टोचतात, आणि बटणे शेवटच्या ओळीत लावूनही वादी सैल राहते. ६५ किलोपर्यंतच्या गटांसाठी मधली पाटी २२ सेंटीमीटर रुंद, वादी ११० सेंटीमीटर आणि बाक जास्त घ्यायला हवा. साचा नवा लागतो म्हणून खर्च थोडा वाढेल. पण हलक्या गटाचा मान राखण्यासाठी पट्टा करायचा आणि तो हलक्या गटातल्या मुलालाच बसू नये, हे योग्य नाही.

मजकुराकडे वळू. पाटीच्या तळाशी लहान अक्षरात आहे: ‘वजनमर्यादा २२० पौंड – ११० किलो’. पौंडाचे किलो करताना सरळ निम्मे केले आहे. १ पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. २२० पौंड म्हणजे ९९.८ किलो, व्यवहारात १०० किलो. जपानमध्ये न्यू जपान या व्यावसायिक कुस्ती संघटनेची ज्युनिअर हेवीवेटची मर्यादा १०० किलोच आहे. दहा किलोची ही चूक साधी नाही. आपल्याकडच्या फ्रीस्टाइल गटांत ९७ किलोनंतर थेट १२५ येतो. ११० किलो लिहिलेला पट्टा ९७ किलोवाल्या पैलवानाला अवजड गड्यासमोर उभा करेल. शिवाय ‘विश्वविजेता’ हा शब्द मोठा आणि वजन बारीक, ही मांडणीच उलटी आहे. वजनगटाच्या पट्ट्यावर सर्वांत मोठे अक्षर वजनाचे हवे.

पत्रक मात्र मनापासून लिहिले आहे आणि असा विषय मराठीत आणल्याबद्दल त्याचे कौतुकच करायला हवे. चुका दुरुस्त केल्या तर ते प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे.

सुरुवातीलाच लिहिले आहे की गामा पैलवानाने १९१० साली लंडनला जिंकलेला जॉन बुल पट्टा हा वजनगटाचा पहिला मोठा पट्टा होता. तो वजनगटाचा नव्हता, आणि गामाची थोरवी त्यातच आहे. १० सप्टेंबर १९१० ला त्याच्यासमोर त्याच्याहून कितीतरी वजनदार असा पोलंडचा मल्ल झिबिस्को होता. तो पहिल्याच मिनिटात खाली गेला आणि मग अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा जोड ठरली, झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळात हीच जोड एका मिनिटाच्या आत संपली. अमेरिकेतही आधी खुल्या गटाचेच राज्य होते. फार्मर बर्न्स सुमारे ७५ किलोचा गडी. १८९५ मध्ये त्याने इव्हान लुईसला हरवून कॅच कुस्तीचे (फ्रीस्टाइलसारख्या मोकळ्या पकडीच्या कुस्तीचे) अमेरिकन अजिंक्यपद घेतले, तेही वजनाची सवलत न घेता. पुढे ज्याने १९०८ मध्ये शिकागोत जगज्जेत्या हॅकेनश्मिटला दोन तासांच्या झुंजीनंतर नमवले, तो फ्रँक गॉच याच बर्न्सचा पठ्ठा. पण बर्न्ससारखे गडी पिढीत एखाद-दुसरे. बाकीच्या हलक्या मल्लांना नाव कमवायला वेगळा गट हवाच होता.

दुसरी चूक फार जण करतात. पत्रकात ‘एनडब्ल्यूए’ ही एकच संस्था धरली आहे. त्या दोन होत्या. पहिली नॅशनल रेसलिंग असोसिएशन, १९३० ची, राष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेतून निघालेली. हेवीवेट, ज्युनिअर हेवीवेट, लाइट हेवीवेट, मिडलवेट असे वजनगटाचे विजेते तिने मानायला सुरुवात केली. दुसरी नॅशनल रेसलिंग अलायन्स, जुलै १९४८ मध्ये आयोवातल्या वॉटरलू गावी कुस्तीच्या ठेकेदारांनी एकत्र येऊन उभी केलेली. आद्याक्षरे तीच, विजेतेही बरेचसे तेच, म्हणून घोळ होतो. अलायन्सने ज्युनिअर हेवीवेटचा विजेता म्हणून लिरॉय मॅकगर्कला मान्यता दिली. तो आधी असोसिएशनचाही विजेता होता. पत्रकातल्या तारखा जुळत नाहीत त्या यामुळेच.

तिसऱ्या चुकीची किंमत सगळ्यात जास्त. पत्रक म्हणते, व्हर्न गॅन्याने १९५० मध्ये मॅकगर्कला हरवून पट्टा जिंकला. ही कुस्ती झालीच नाही. मॅकगर्कचा एक डोळा लहानपणीच गेला होता. फेब्रुवारी १९५० मध्ये मोटार अपघातात दुसऱ्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच्याकडून पद कुणी हिरावले नाही, ते रिकामे झाले. त्यासाठी स्पर्धा घेतली गेली आणि नोव्हेंबर १९५० मध्ये गॅन्या ती जिंकला. आणखी एका ठिकाणी मॅकगर्कचा अपघात १९४९ चा दिला आहे. तो अपघात ऑरव्हिल ब्राउनचा. ब्राउन हा अलायन्सचा पहिला हेवीवेट विजेता, नोव्हेंबर १९४९ मध्ये मोटार अपघातामुळेच त्याची कारकीर्द संपली आणि पद लू थेसकडे आले. सुमारे तीन महिन्यांच्या अंतराने एकाच संस्थेचे दोन विजेते रस्त्यावर जायबंदी झाले, म्हणून सरमिसळ झाली असावी. अंध झाल्यावरही मॅकगर्कने टल्सा शहरातून अनेक वर्षे कुस्त्या भरवल्या आणि हा गट नावारूपाला ठेवला. पत्रकात याची एक ओळ तरी यायला हवी होती.

डॅनी हॉजवरचा परिच्छेद मात्र अचूक आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ७९ किलो गटात रौप्य, जुलै १९६० मध्ये अँजेलो सव्होल्डीला हरवून ज्युनिअर हेवीवेट अजिंक्यपद, १९६४ मध्ये हिरो मत्सुदाकडून हार, मग पुन्हा पुन्हा पुनरागमन. मार्च १९७६ मध्ये पद त्याच्याकडे असतानाच गाडी ओढ्यात कोसळली, मान मोडली आणि कुस्ती सुटली. पद पुन्हा रिकामे. इथपर्यंत वाचले की मॅकगर्कची नोंद चुकवणे का चालत नाही ते उमगते. या अजिंक्यपदाच्या परंपरेत ‘रिक्त’ हा शब्द विजेत्यांच्या नावांइतकाच महत्त्वाचा आहे.

पट्ट्यावर याची सोय आहे, पण अर्धवट. बाजूच्या चार पाट्यांवर विजेत्यांच्या नावांसाठी प्रत्येकी तीन पट्ट्या आहेत, ६० मिलिमीटर लांब, १२ मिलिमीटर रुंद. त्यांवर फक्त नावाची जागा आखली आहे. नाव, गाव आणि कुस्तीची तारीख या तीन गोष्टी बसवायला लांबी ८० मिलिमीटर हवी. पैलवान जखमी होऊन पद सोडेल किंवा वजन वाढून वरच्या गटात जाईल, तेव्हा एक पट्टी ‘रिक्त’ म्हणून तारखेसह लावायची. तसे केले नाही तर दहा वर्षांनी कुणीतरी असेच पत्रक लिहील आणि कधी न झालेली कुस्ती इतिहासात घुसवेल.

संस्थेचे नाव या पट्ट्यात मधल्या पाटीवरच कोरले आहे, हेही बदलून घ्या. मेक्सिकोत साल्वादोर लुतेरोथने १९३३ मध्ये सुरू केलेल्या संघटनेने लहान चणीच्या मल्लांना डोक्यावर घेतले. तिथे मिडलवेट म्हणजे ८२ ते ८७ किलो, लाइट हेवीवेट म्हणजे ९२ ते ९७ किलो, आणि हे गट मुख्य कुस्तीचा मान मिळवतात. तीच संघटना अलायन्समधून १९८० च्या दशकात बाहेर पडली, पण तिच्या तीन वजनगटांच्या पदांना अलायन्सचे नाव २०१० पर्यंत चिकटून राहिले. शेवटी ‘ऐतिहासिक’ असा शब्द जोडून नावे बदलावी लागली. आपल्याकडेही मंडळे फुटतात, समित्या बदलतात. संस्थेचे नाव १०० बाय १५ मिलिमीटरच्या वेगळ्या पट्टीवर, दोन पेचांनी बसवलेले असेल तर मधल्या पाटीला हात लावावा लागत नाही. वर सांगितलेले स्टीलचे पेच इथेही कामाला येतात.

पत्रकात आपल्या मातीतला एकच माणूस नाही, तो यायलाच हवा. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. खुल्या गटात त्यांना कुणी जोड दिली असती का, हा विचार करा. हलक्या गटाच्या पट्ट्यासाठी याहून मोठे कारण कशाला हवे?

ऑर्डर देताना कागदावर लिहून द्यायच्या गोष्टी अशा. मधोमध ‘७४ किलो’ किंवा जो गट असेल तो आकडा, किमान २५ मिलिमीटर उंचीचा, फक्त किलोत. खोलगट अक्षरे, काळा रंग. स्टीलचे दोन भागी पेच. लांब दांड्याची टिचबटणे. गटाप्रमाणे पाटीची रुंदी आणि वादीची लांबी. कोरण्याआधी मजकुराची खऱ्या मापाची छापील प्रत मागवा आणि ती व्यायामशाळेतल्या दोघांनी वेगवेगळी वाचा, कारण पितळ कोरले की खोडता येत नाही. ही प्रत कारखाना मागितल्यावर देतो, वेगळे पैसे घेत नाही.

आणि पट्टा येण्याआधी काटा तपासा. वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का हवा, ५० ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा, पक्क्या फरशीवर पाणपातळी लावून ठेवलेला हवा. मॅटवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो. २० किलोची दोन प्रमाणित वजने आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहायची. पॅरिसला २०२४ साली विनेश फोगाट ५० किलो गटात दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम कुस्तीतून बाद झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वजन घेतल्याची तारीख, वेळ आणि आकडा पंचांच्या सहीनिशी वहीत उतरवा, आणि विजेत्याच्या नावाच्या पट्टीवर त्या वहीचा पान क्रमांक कोरून घ्या. ८० मिलिमीटरच्या पट्टीत तेवढी जागा निघते.